गोबर गॅसच्या टाकीत जंतू मरतात. त्यांचे जीन मरतात का?

मनमाडजवळच्या पानेवाडीत तेल कंपन्यांचे मोठे डेपो आहेत. जानेवारी २०२४ च्या पहिल्या दोन दिवसांत टँकरचालकांचा संप झाला, तेव्हा इथून निघणारे टँकर थांबले आणि आजूबाजूच्या जिल्ह्यांतल्या पंपांवर लगेच रांगा लागल्या. असं काही झालं की आमच्याकडे एक विषय हमखास निघतो, गोबर गॅस. दारात चार जनावरं बांधलेली असताना इंधनासाठी डेपोकडे कशाला बघत बसायचं?

मुद्दा चुकीचा नाही. हिशोब करून बघा. एक घनमीटर गॅससाठी साधारण २५ किलो ताजं शेण लागतं. घरगुती २ घनमीटरच्या प्लांटला रोज ५० किलो, म्हणजे चार-पाच मोठ्या जनावरांचं शेण पुरतं. एक घनमीटर बायोगॅस म्हणजे जवळपास ०.४५ किलो एलपीजी. म्हणजे १४.२ किलोच्या एका सिलेंडरइतकी ऊर्जा साधारण १६ दिवसांत घरच्या घरी तयार होते. वाईट सौदा नाही.

पण आजचा विषय गॅस नाही. टाकीच्या दुसऱ्या तोंडातून जी स्लरी बाहेर पडते, ती आहे. यूट्यूबवर गोबर गॅसचे व्हिडिओ पाहिलेत तर एक वाक्य कुठे ना कुठे ऐकायला मिळतं : टाकीत सगळे जंतू मरतात, स्लरी एकदम शुद्ध, थेट भाजीला घाला. यातलं अर्धं खरं आहे. उरलेल्या अर्ध्यासाठी हा लेख.

मी सॉफ्टवेअरवाला आहे, डॉक्टर किंवा पशुवैद्य नाही. पण हा प्रश्न बराचसा माहितीच्या साठवणुकीचा आणि कॉपी-पेस्टचा आहे, त्यामुळे आपल्या साईटवर तो शोभतो.

टाकीत काय चालतं, ते पटकन

शेण आणि पाणी सारख्या प्रमाणात कालवून टाकीत सोडतात. आत हवा नसते. पहिल्या टोळीतले जिवाणू शेणातले मोठे रेणू फोडतात, पुढचे त्यातून आम्ल बनवतात आणि शेवटी मिथेन तयार करणारे सूक्ष्मजीव ते खाऊन गॅस सोडतात. या गॅसमध्ये साधारण ५५ ते ६५ टक्के मिथेन असतो.

गंमत म्हणजे हे शेवटचे मिथेनवाले खरे जिवाणू नाहीतच. त्यांना आर्किया म्हणतात, वेगळंच घराणं. पेनिसिलिन जिवाणूच्या ज्या भिंतीवर हल्ला करतं, तसली भिंत त्यांना नसते. म्हणून शेणात पेनिसिलिन आलं तरी मिथेनवाल्यांना थेट फरक पडत नाही. मार बसतो तो त्यांना खायला घालणाऱ्या आधीच्या टोळ्यांना. औषधाचा मोठा डोस घेतलेल्या जनावरांचं शेण एकदम टाकीत गेलं तर गॅस मंदावू शकतो, त्याचं एक कारण हे.

औषध शेणात येतं कुठून

गाय-म्हैस आजारी पडली की अँटिबायोटिक दिलं जातं. दुभत्या जनावरांत सगळ्यात जास्त निमित्त असतं कासदाहाचं, म्हणजे गावाकडे ज्याला दगडी म्हणतात तो आजार. सडात ट्यूब सोडतात, इंजेक्शन देतात. जनावराला वाचवायला ते लागतंच, त्याबद्दल तक्रार नाही. पण टेट्रासायक्लिनसारख्या औषधांचा मोठा हिस्सा शरीरात न मोडता शेण-मुतातून जसाच्या तसा बाहेर पडतो. कोंबड्यांच्या बाबतीत गोष्ट आणखी वेगळी. तिथे औषध फक्त आजारी पक्ष्याला नाही, पाण्यातून किंवा खाद्यातून सगळ्या शेडला मिळतं आणि जगभर कित्येक वर्षं ते नुसतं वजन लवकर वाढावं म्हणूनही दिलं गेलं. युरोपीय संघाने असा वापर २००६ मध्ये बंद केला.

औषध पोटात गेलं की तिथले साधे जिवाणू मरतात आणि ज्यांच्याकडे त्या औषधाला दाद न देण्याची युक्ती आहे, ते उरतात. रिकाम्या जागेत त्यांचीच संख्या वाढते. ही युक्ती लिहिलेली असते डीएनएच्या एका तुकड्यात. त्याला आपण प्रतिकार जीन म्हणू. शाळेच्या पुस्तकात जीनला जनुक म्हणायचो, तेच.

हे जीन माणसाने बनवलेले नाहीत. २०११ मध्ये कॅनडातल्या संशोधकांनी ३० हजार वर्षं गोठलेल्या जमिनीतला डीएनए तपासला, तर त्यातही टेट्रासायक्लिन आणि पेनिसिलिनच्या कुळातल्या औषधांना न जुमानणारे जीन सापडले. बुरशी आणि जिवाणू एकमेकांशी रासायनिक भांडण फार आधीपासून करत आलेत. आपण फक्त औषधं टनावारी ओतली आणि ज्यांच्याकडे ढाल होती त्यांना पुढे काढलं. परिणाम छोटा नाही. २०१९ या एका वर्षात जगात सुमारे १२.७ लाख मृत्यू थेट औषधांना दाद न देणाऱ्या जिवाणूंमुळे झाले, असा अंदाज 'लॅन्सेट'मध्ये २०२२ साली प्रसिद्ध झाला.

फोन फुटला, फाईल उरली

आता मुख्य गोष्ट. जिवाणू म्हणजे फोन समजा आणि प्रतिकार जीन म्हणजे त्यातली एक फाईल. फोन फुटला म्हणून फाईल गेलीच असं नसते. तिची कॉपी आधीच दुसऱ्या दहा फोनवर गेलेली असू शकते आणि फुटलेल्या फोनमधलं मेमरी कार्डही कोणी काढून वापरू शकतं.

जिवाणूंमध्ये या दोन्ही गोष्टी घडतात. मुख्य डीएनएखेरीज अनेक जिवाणूंकडे प्लाझ्मिड नावाची डीएनएची छोटी गोल रिंग असते. हे नाव जोशुआ लेडरबर्ग यांनी १९५२ मध्ये दिलं. दोन जिवाणू एकमेकांना चिकटले की या रिंगची कॉपी एकाकडून दुसऱ्याकडे जाते. देणाऱ्याकडची मूळ प्रतही शाबूत राहते. ब्लूटूथवरून फाईल पाठवल्यासारखंच. आणि समोरचा त्याच जातीचा असावा लागतो असंही नाही. १९५० च्या दशकात जपानमध्ये आमांशाचे असे जंतू सापडू लागले, जे एकाच वेळी चार वेगवेगळ्या औषधांना दाद देत नव्हते. चारही युक्त्या एकाच जंतूला एकदम कशा सुचल्या, या कोड्याचं उत्तर १९५९ च्या सुमारास तिथल्या संशोधकांना मिळालं. आतड्यातल्या साध्या ई. कोलायकडून आमांशाच्या जंतूला पूर्ण संचच मिळत होता.

मेमरी कार्डवाला प्रकार तर त्याहून जुना. १९२८ साली इंग्लंडमध्ये फ्रेडरिक ग्रिफिथ यांनी न्यूमोनियाचे घातक जंतू उष्णता देऊन मारले आणि ते निरुपद्रवी जिवंत जंतूंसोबत उंदरांना टोचले. दोन्ही वेगवेगळे टोचले तर उंदरांना काही होत नव्हतं. एकत्र टोचल्यावर उंदीर मेले आणि त्यांच्या रक्तात घातक जंतू जिवंत सापडले. मेलेल्यांची माहिती जिवंतांनी उचलली होती. ही माहिती डीएनएमध्ये असते, हे ओस्वाल्ड एव्हरी आणि सहकाऱ्यांनी १९४४ मध्ये दाखवलं.

हा प्रयोग लक्षात ठेवा, कारण 'टाकीत जंतू मरतात' या वाक्याची मर्यादा त्यात दिसते. मेलेल्या पेशीतून सांडलेला डीएनए बराचसा टाकीतले इतर सूक्ष्मजीव खाऊन टाकतात, हे खरं. पण काही भाग मातीच्या बारीक कणांना चिकटतो आणि तिथे तो बराच काळ टिकतो.

आणि मुळात सगळे मरतही नाहीत. समजा स्लरीत ९० टक्के जंतू कमी झाले. ऐकायला भारी वाटतं. पण सुरुवातीला एका ग्रॅममध्ये एक कोटी असतील तर उरले दहा लाख. शिवाय काही जिवाणू स्वतःभोवती टणक कवच करून बीजाणू बनतात. त्यांना साध्या टाकीचं काहीच वाटत नाही.

तरी जुना दावा पूर्ण खोटा ठरत नाही. आपल्या राज्यात मैल्यापासून गॅस करण्याचा इतिहास मोठा आहे. मुंबईत माटुंग्याच्या कुष्ठरोगी आश्रमात १८९७ च्या सुमारास असा प्रयोग झाला. देहूच्या आरोग्य केंद्रात काम केलेले डॉ. सुहास मापुसकर यांनी तर गावातल्या संडासांना गॅसच्या टाक्या जोडण्याचं काम आयुष्यभर केलं. २०१७ मध्ये त्यांना मरणोत्तर पद्मश्री मिळाली. ते या कामात आले उघड्यावरच्या मैल्यातून पसरणाऱ्या आजारांमुळे आणि त्या लढाईत बंद टाकी खरोखर उपयोगी आहे. उघड्या उकिरड्यापेक्षा ती कधीही बरी. प्रतिकार जीनचा प्रश्न मात्र वेगळा आहे आणि त्याच्यासाठी ही टाकी कोणी डिझाईनच केलेली नाही.

तापमान आणि एक रांग, जी रांग नसते

संशोधनात टाक्या साधारण दोन तापमानांवर चालवतात. एक ३५ ते ३७ अंश आणि दुसरी ५० ते ५५ अंश सेल्सियस. प्रतिकार जीन कमी करण्यात बहुतेक वेळा गरम टाकी सरस ठरते. कारण मात्र आपल्याला वाटतं ते नाही. ५५ अंशांना डीएनए जळत नाही. त्याचे दोन धागे नुसते सुटे व्हायलाही साधारण ९० अंशांच्या आसपास जावं लागतं. होतं असं, की जनावराच्या पोटातले जिवाणू ३७-३९ अंशांना राहायला सरावलेले असतात. ५५ ला त्यांचा टिकाव लागत नाही आणि त्यांच्या जागी उष्णताप्रेमी, वेगळ्याच जातीचे सूक्ष्मजीव येतात. जुन्या फाईली चालवणारे फोनच बाजारातून गेले, असं काहीसं.

आता आपल्या गावाकडची टाकी बघा. तिला हीटर नसतो. जमिनीत गाडलेली असते, जमिनीचं जे तापमान तेच तिचं. शेजारच्या निफाडचा पारा हिवाळ्यात किती खाली जातो, ते दरवर्षी बातम्यांत येतंच. मनमाड काही वेगळं नाही. म्हणजे आपली टाकी ५५ सोडाच, थंडीत ३५ लाही नसते.

म्हणून मग वेळ वाढवतात. भारतातल्या घरगुती प्लांटचे आकार हवामान पाहून ३०, ४० किंवा ५५ दिवसांच्या मुक्कामासाठी ठरवलेले असतात; उष्ण भागाला ३०, डोंगराळ थंड भागाला ५५. पण इथे एक पकड आहे, जी इंजिनिअर मंडळींना लगेच कळेल. हे ३० दिवस सरासरी आहेत. टाकी म्हणजे रेशनची रांग नाही, की आधी आला तो आधी बाहेर. आतला माल पूर्ण मिसळत असेल तर आज टाकलेल्या शेणातला साधारण ३ टक्के भाग पहिल्याच दिवशी बाहेर पडतो आणि तीन दिवसांत साधारण साडेनऊ टक्के. खादी ग्रामोद्योगच्या तरंगत्या टोपीवाल्या खोल प्लांटमध्ये मध्ये एक आडभिंत घालतात, ती म्हणूनच. ताजा माल सरळ पलीकडे पळू नये. तिने फरक पडतो. पण '३० दिवस कुजलेली स्लरी' असं जे म्हणतात, त्यात काही भाग कोवळाच असतो.

मनमाडसारख्या ठिकाणी यात पाण्याचं दुखणं मिसळतं. ५० किलो शेणाला रोज ५० लिटर पाणी हवं. जिथे उन्हाळ्यात नळाला पाणी यायला कित्येक दिवस लागतात, तिथे हे पाणी आणायचं कुठून? मग बाहेर आलेल्या स्लरीचं वरचं पाणी पुन्हा शेण कालवायला वापरणं, हा शहाणपणाचा उपाय आहे. पाणी वाचतं, टाकीतले कामाचे सूक्ष्मजीवही परत आत जातात. पण त्यांच्यासोबत टिकून राहिलेले प्रतिकार जीनवालेही परत आत जातात. पाणी वाचवू नका असं मी म्हणणार नाही, मनमाडमध्ये राहून तर नाहीच. फक्त तसं केलं तर बाहेरच्या स्लरीला पुढची एक पायरी द्यायला हवी. तिच्याकडे येतोच.

एकच टाकी, दोन उलट बातम्या

या विषयावर गुगल केलंत तर गोंधळून जाल. एक पेपर सांगतो जीन ८० टक्के कमी झाले, दुसरा सांगतो वाढले. कधी कधी दोन्ही वाक्यं एकाच पेपरमध्ये असतात. हा भाग मला सगळ्यात आवडतो, कारण इथे कोणी खोटं बोलत नसतं.

एक काल्पनिक उदाहरण घेऊ. एक ग्रॅम ताज्या शेणात १०० कोटी जिवाणू आणि टेट्रासायक्लिनला न जुमानणाऱ्या एका जीनच्या १ कोटी प्रती. म्हणजे दर १०० जिवाणूंमागे १ प्रत. टाकीतून बाहेर आल्यावर जिवाणू उरले १० कोटी आणि जीनच्या प्रती २० लाख. प्रती एक कोटीवरून वीस लाखांवर आल्या, म्हणजे ८० टक्के घट. पण आता दर १०० जिवाणूंमागे २ प्रती आहेत, म्हणजे प्रमाण दुप्पट! शेतात एकूण किती जीन पडले हे बघायचं असेल तर पहिला आकडा कामाचा. उरलेल्या जिवाणूंमध्ये प्रतिकारवाले किती दाटलेत हे बघायचं असेल तर दुसरा. बातमीत टक्का दिसला की आधी विचारा, कशाच्या मागे?

हे मोजतात कसं, तेही बघण्यासारखं आहे. पहिली पद्धत क्यूपीसीआर. कोविडच्या वेळी आरटीपीसीआर ऐकलं होतं ना, त्याचीच बहीण. हवा तो जीन निवडायचा आणि त्याच्या प्रती दर फेरीला दुप्पट करत न्यायच्या. किती फेऱ्यांनंतर मशीनला चमक दिसली, त्यावरून सुरुवातीला प्रती किती होत्या ते काढायचं. दहा फेऱ्या उशिरा चमकलं तर सुरुवातीचा माल साधारण १०२४ पट कमी, म्हणजे दोनचा दहावा घात. पद्धत अचूक आहे, पण जो जीन शोधाल तोच दिसतो. सर्च बॉक्समध्ये टाईप केलं तेवढंच.

दुसरी पद्धत सगळा डीएनए वाचून काढायची. मशीन स्लरीतल्या एकूण डीएनएचे तुकडे करतं आणि प्रत्येकी साधारण १५० अक्षरं वाचतं. अक्षरं चारच, ए, टी, जी, सी. कोट्यवधी ओळींची, काही जीबींची टेक्स्ट फाईल हातात येते. मग प्रत्येक ओळ ओळखीच्या प्रतिकार जीनच्या यादीशी ताडून बघायची. अशी एक मोठी यादी कॅनडातल्या मॅकमास्टर विद्यापीठाची आहे, तिचं नाव कार्ड. दुसरी डेन्मार्कची, रेसफाइंडर. कार्डसोबत मिळणारं ताडून बघायचं सॉफ्टवेअर पायथॉनमध्ये लिहिलेलं आहे. बारावीत पायथॉन शिकणाऱ्यांनो, स्ट्रिंग मॅचिंग कुठे वापरतात विचारत होतात ना!

अडचण अशी की १५० अक्षरांचा तुकडा म्हणजे कात्रीने कापलेल्या पेपरची एक चिंधी. त्यावरून जीन आहे हे कळतं. तो कोणत्या जिवाणूत आहे, मुख्य डीएनएवर आहे की फिरत्या प्लाझ्मिडवर, मालक जिवंत आहे की मेलेला, हे कळत नाही. आणि धोका तर नेमका त्यावरच ठरतो. म्हणून आता हजारो अक्षरं सलग वाचणारी मशीन वापरतात. त्यातलं मिनआयन नावाचं एक तर मुठीत मावतं आणि लॅपटॉपला यूएसबीने जोडता येतं.

एवढ्या सगळ्या मोजमापातून काय दिसलं? टेट्रासायक्लिनविरोधी अनेक जीन टाकीत बऱ्यापैकी घटतात. सुल-१ नावाचा, सल्फा औषधांविरुद्धचा जीन मात्र पुष्कळदा चिवट निघतो. याचं एक कारण त्याच्या संगतीत आहे. तो बऱ्याचदा इंटिग्रॉन नावाच्या डीएनएच्या रचनेत बसलेला असतो आणि इंटिग्रॉनचं कामच मुळी बाहेरचे जीन गोळा करून एका ओळीत लावणं हे आहे. झिप फाईलच म्हणा. त्यामुळे एका औषधाच्या दबावाखाली एक जीन टिकला की त्याच फाईलमधले बाकीचेही फुकटात टिकतात. अगदी औषध नसलं तरी चालतं. कोंबड्या-डुकरांच्या खाद्यात तांबं आणि जस्त घालतात. धातूंना न जुमानणारे जीन बऱ्याचदा औषधवाल्या जीनच्याच शेजारी असतात. औषधाचे काही रेणू टाकीत मोडतात तरी, धातू मोडत नाही. शेणातलं बाकीचं वाळकं द्रव्य गॅस होऊन उडून जातं आणि उरलेल्या घन भागात धातूचं प्रमाण उलट वाढतं.

आता हे का महत्त्वाचं

कारण टाक्या मोठ्या होत चालल्यात. २०१८ मध्ये केंद्राची गोबरधन योजना आली, त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये सतत नावाची दुसरी, जिच्यात बायोगॅस शुद्ध करून, दाबून सीएनजीसारखा विकायचा. २०२३ मध्ये अशा प्लांटमधून निघणाऱ्या सेंद्रिय खताला टनामागे १५०० रुपये साहाय्यही जाहीर झालं. आपल्या नाशिक महापालिकेने तर जर्मनीच्या जीआयझेड संस्थेच्या मदतीने हॉटेलांचा ओला कचरा आणि शौचालयांचा मैला एकत्र करून वीज बनवण्याचा प्रकल्प २०१७ मध्येच सुरू केला. हे सगळं व्हायलाच हवं. पण घरच्या टाकीची स्लरी घरच्याच बांधावर जाते. मोठ्या प्लांटला दहा गोठ्यांचं, पाच पोल्ट्रींचं खत येतं आणि गोण्या भरून शंभर शेतांत जातं. गोणीवर नायट्रोजन, फॉस्फरस, पोटॅश छापलेलं असतं. प्रतिकार जीनचा आकडा छापलेली गोणी माझ्या तरी पाहण्यात नाही.

मोठ्या प्लांटला एक फायदाही आहे, तो म्हणजे गरम करणं त्यांना परवडतं. युरोपात प्राण्यांचे काही प्रकारचे अवशेष बायोगॅस प्लांटमध्ये घालण्याआधी १२ मिलिमीटरपेक्षा बारीक करून ७० अंशांवर एक तास ठेवावे लागतात. आपल्याकडे प्लांट उभे राहत असतानाच अशी टाकी बसवून घेणं स्वस्त पडेल, नंतर जोडणं महाग. माझ्या मते अनुदानाची अट म्हणून तरी ती घालायला हवी. स्वतःच्या प्लांटचाच थोडा गॅस जाळून हे भागतं.

पण सगळ्यात मोठं बटण टाकीच्या आधी, गोठ्यात आणि शेडमध्येच आहे. कोलिस्टिनची गोष्ट घ्या. माणसाला बाकी काही लागू पडत नाही तेव्हा डॉक्टर जे शेवटचं औषध काढतात, त्यातलं हे एक. चीनमध्ये ते डुकरांना वजनवाढीसाठी देत होते. नोव्हेंबर २०१५ मध्ये तिथल्या संशोधकांनी कोलिस्टिनला न जुमानणारा एमसीआर-१ नावाचा जीन जाहीर केला आणि तो चक्क प्लाझ्मिडवर होता, म्हणजे शेअर होणारा. २०१७ मध्ये चीनने खाद्यातला तो वापर थांबवला आणि पुढच्या तपासण्यांत डुकरांतलं आणि माणसांतलंही एमसीआर-१ चं प्रमाण ठळकपणे घसरलेलं दिसलं. भारताने जुलै २०१९ मध्ये खाण्यासाठी पाळलेल्या प्राण्यांत कोलिस्टिनच्या वापरावर बंदी घातली. कोणत्याही टाकीने एवढं काम केलं नसतं.

घरी गोबर गॅस असेल तर

बंद करू नका. ताज्या शेणापेक्षा स्लरी चांगलीच आहे. फक्त तिला औषधासारखी शुद्ध समजू नका.

जनावराला अँटिबायोटिक चालू असेल तर डॉक्टर दूध किती दिवस वापरायचं नाही ते सांगतात. तेवढे दिवस तरी त्या जनावराचं शेण टाकीत न घालता वेगळं टाका आणि वेगळंच कुजू द्या. उरलेली ट्यूब पुढच्या वेळेला कामी येईल म्हणून ठेवू नका, शेजाऱ्याच्या म्हशीलाही देऊ नका. औषधाच्या पाकिटावर उभी लाल रेघ असेल तर ते डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय घ्यायचं नाही. ही लाल रेघेची मोहीम २०१६ ची, माणसांच्या औषधांसाठीची, पण सवय दोन्हीकडे लावायला हरकत नाही.

स्लरी थेट मेथी-कोथिंबिरीवर ओतू नका. अमेरिकेतल्या सेंद्रिय शेतीच्या नियमांत कच्चं शेणखत आणि मातीला टेकणाऱ्या पिकाची काढणी यांत १२० दिवसांचं अंतर सांगितलंय, मातीला न टेकणाऱ्या पिकाला ९० दिवस. स्लरी कच्च्या शेणाइतकी वाईट नसली तरी कच्च्या खाल्ल्या जाणाऱ्या भाजीसाठी तोच हिशोब धरलेला बरा. कांदा, मका, ज्वारी लावायच्या आधी नांगरटीत मिसळली तर हे अंतर आपोआप मिळतं. विहिरीच्या उताराला स्लरीचा खड्डा नको. हाताळताना हातमोजे घाला, ते नसतील तर नंतर साबण तरी लावा.

आणि ती पुढची पायरी, कंपोस्ट. स्लरी वाळलेला पालापाचोळा, कडब्याचं कुटार, उसाचं पाचट यांत मुरवून ढीग लावा. हवा खेळती राहिली तर ढीग आतून स्वतःच तापतो, टाकीला न जमणारं तापमान फुकटात मिळतं. अमेरिकेच्या पर्यावरण खात्याचा मैलागाळाच्या लांबट ढिगांसाठीचा निकष आहे ५५ अंश किंवा जास्त, १५ दिवस आणि तेवढ्यात पाच वेळा ढीग पालटायचा. पालटायचा यासाठी, की बाहेरचा थंड थर आत जायला हवा. यानेही प्रत्येक जीन जात नाही, सुल-१ सारखे चिवट इथेही थोडे राहतात, पण पोटातले जिवाणू मोठ्या प्रमाणात जातात.

ढीग ५५ ला पोचला की नाही, हे हात घालून कळत नाही. लांब दांडीचा प्रोब असलेला डिजिटल थर्मामीटर ऑनलाईन मिळतो. तो ढिगात निदान दीड-दोन फूट आत खुपसा, दोन-तीन ठिकाणी बघा आणि रोजचा आकडा फोनमध्ये लिहून ठेवा. आकडा ५५ च्या खाली घसरायला लागला, की ढीग पालटायची वेळ झाली.